कातणाऱ्याची मजुरी, गेम घडवणाऱ्याची मजुरी

मा. ॲड. आशिष शेलार,
सांस्कृतिक कार्य व माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य



सेवाग्रामहून लिहितो आहे. शाळेत असताना आम्ही मित्र सायकलने वर्ध्याला जाऊन कॉपी केलेल्या गेमच्या सीडी आणायचो, तीस रुपयांना एक. आज माझा भाचा पुण्यात गेम बनवतो, आणि ते तीस रुपये मला टोचतात. त्यातला एक पैसाही बनवणाऱ्याला मिळाला नव्हता.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम केला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ते पुरेसे जमले नाहीत. गेम पुरा करायला घर विकावे लागले. २०२० मध्ये तो जगभर पोहोचला. पण पीसी गेमचे गणित अवघडच असते. स्टीमसारखे ऑनलाइन दुकान साधारण तीस टक्के कापून घेते, मग प्रकाशकाचा वाटा, वर सेलमधली सवलत. उरल्यासुरल्यात काही वर्षांची मेहनत भरून काढायची. त्यात फुकटची कॉपी फिरू लागली की छोटा स्टुडिओ हबकतो. मग तो गेम फुकट वाटतो आणि आतच दुकान मांडतो: पोशाख, हत्यारे, नशीब आजमावण्याच्या पेट्या, जाहिराती. कारण सर्व्हरवर चालणाऱ्या अशा गेमची कॉपी मारणे सोपे नसते. मला खरी धास्ती या बदलाचीच आहे. एक गोष्ट नीट सांगून संपणारा गेम करून पोट भरत नसेल, तर पोरांच्या हाती कधीच न संपणारे, सारखे पैसे मागणारे गेमच उरतील.

बनवणाऱ्याच्या मजुरीचा हा प्रश्न जुनाच आहे. १९३५ मध्ये गांधीजींच्या आग्रहाने खादीचे काम पाहणाऱ्या चरखा संघाने कातणाऱ्या बायांची मजुरी वाढवली. खादी महागेल, खप घटेल, हे दिसत होते. तरी आधी कातणारीचे पोट, असे ठरले.

आपल्या सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन-गेमिंगसाठी ३,२६८ कोटींचे धोरण मंजूर केले, त्याचा आनंद आहे. त्यातला थोडा पैसा थेट गेम विकत घेण्यावर खर्च करा. मराठी चित्रपटाला अनुदान मिळते, ग्रंथालयांसाठी पुस्तके खरेदी होतात. तसेच मराठीतले चांगले गेम रास्त दराने घ्या आणि जिल्हा ग्रंथालयांत खेळायला ठेवा. सरकारी शाळांच्या संगणकांवर एकही चोरीची प्रत राहणार नाही, हेही बघा.

सुरुवात वर्ध्यापासून करा. ग्रंथालयात दोन संगणक पुरेत. सेवाग्रामची पोरे घेऊन मी स्वतः येईन.

आपला,
सेवाग्रामचा एक रहिवासी