नाव्ह्याचे नाईक: बंडखोर की सत्ताधीश?

हिंगोली परिसरातील डोंगरपट्ट्यात आणि पैनगंगेच्या खोऱ्यात हटकर नाईकांचा दबदबा होता. इतिहासात मात्र त्याची नोंद बहुधा ‘नाईकांचे बंड’ एवढीच होते. हा शब्दच तपासायला हवा.

अकबराच्या काळात १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. ‘ऐन-इ-अकबरी’त वाशीम सरकारच्या वर्णनात हटकर येतात ते मानी, कोणास न जुमानणारे, पदरी १,००० स्वार आणि ५,००० पायदळ. अबुल फजल जमीनदारांचे सैन्यबळ असेच मोजतो. लुटारूंच्या टोळीला कोणी अशा हिशेबात धरत नाही! अर्थात, यावरून त्यांना सार्वभौम राजे ठरवणेही घाईचे होईल. वरच्या सत्तेला वाकून किंवा डिवचून आपला मुलूख राखणारी ही स्थानिक सत्ता होती.

जुन्या सत्तांना असे नाईक परवडत, कारण डोंगरवाटा तेच सांभाळत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि निजामाच्या पदरी इंग्रज अधिकाऱ्यांची कवायती फौज उभी होती. तिला नाईकांची गरज उरली नाही. उमरखेडजवळ पराभव झाल्यावर नोवसाजी नाईक नाव्ह्याच्या गढीत शिरले. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनने तिला वेढा घातला. तोफांपुढे गढी पडली, आतली शिबंदी बव्हंशी कापली गेली. नोवसाजी कैद होऊन हैदराबादेस गेले आणि तेथेच वारले.

जिंकणाऱ्या पलटणीला ‘नोवाह’ हा युद्धसन्मान मिळाला. हिंगोलीची छावणी १९०३ पर्यंत राहिली.