‘सैराट’ कोणत्या खान्यात?

मागच्या रविवारी एका वसतिगृहातल्या मुलामुलींनी मला बोलावलं होतं. विषय त्यांनीच दिला होता : सिनेमा म्हणजे काय आणि त्याचे प्रकार. मी फळ्यावर लिहीत गेले. कथापट, माहितीपट, लघुपट, ॲनिमेशन. मग कथापटाचे पोटप्रकार : पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक, प्रेमकथा, विनोदी, रहस्यपट, भयपट. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “ताई, ‘सैराट’ कशात?” दोघंतिघं ओरडली, “लव्हस्टोरी!” ती म्हणाली, “माझ्या मोबाइलवर तो ‘सामाजिक’मध्ये आहे. आणि ‘धडक’ रोमान्समध्ये.”

गोष्ट एकच आहे. २०१८ च्या हिंदी आवृत्तीत जात जवळजवळ पुसली गेली आणि तो निव्वळ प्रेमाचा सिनेमा झाला. २०१६ च्या मूळ सिनेमात आर्ची पाटलाची पोर आहे, परशा पारधी आहे, आणि ते सांगितलेलं आहे. म्हणून तो प्रश्नांच्या खान्यात. आर्ची-परशाचं विहिरीतलं पोहणं, बुलेट, चिठ्ठ्या, हे प्रेम नव्हतं तर काय होतं?

सिनेमाचे प्रकार आपण तटस्थ समजतो. मला तसं वाटत नाही. आपल्याकडची सुरुवातच बघा. फाळक्यांनी १९१३ साली पहिला कथापट काढला तो हरिश्चंद्राचा. या कथेत राजाची अधोगती कुठवर गेली हे दाखवायचं असतं तेव्हा तो डोंबाचा चाकर होऊन स्मशानात उभा राहतो. प्रेक्षकाने हळहळायचं ते राजासाठी. जो डोंब पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करतोय त्याला गोष्टच नाही. याला आपण ‘पौराणिक’ म्हणतो, ‘सवर्ण सिनेमा’ म्हणत नाही. तसा खानाच नाही.

केरळात जे. सी. डॅनियल यांनी पहिला मल्याळम सिनेमा ‘विगतकुमारन’ काढला. पौराणिकांच्या त्या काळात त्यांनी सामाजिक कथा निवडली, हे धाडसच. पण प्रेक्षक बिथरले ते कथेवर नाही. पी. के. रोझी या दलित तरुणीने त्यात नायर स्त्रीची भूमिका केली होती. तिरुवनंतपुरमला पडद्यावर दगड आले, तिला गाव सोडून पळावं लागलं. पुढे तिने पुन्हा सिनेमात काम केलं नाही. पडद्यावर काय चाललंय यापेक्षा कोण चाललंय, हे तिथल्या लोकांना बरोबर कळलं होतं.

नंतर आमच्यासाठी ‘सामाजिक’ हा खाना पक्का झाला. ‘अछूत कन्या’मधली (१९३६) कस्तुरी शेवटी रेल्वेखाली मरते. ‘सुजाता’त (१९५९) नूतनला आपलं माणूसपण सिद्ध करायला सांभाळणाऱ्या आईला रक्त द्यावं लागतं. दोन्ही सिनेमे तळमळीने काढलेले आहेत, ते मी नाकारत नाही. लहानपणी ‘सुजाता’ बघून मीही रडले होते. पण या खान्यातल्या दलित माणसाला हसायला, हरायला, उगाच भटकायला फुरसत नसते. तो सतत कुणाचं तरी मन वळवत असतो.

ही चौकट तमिळ सिनेमाने जोरात हलवली. पा. रंजित यांचा पहिला सिनेमा ‘अट्टकत्ती’ (२०१२) हा पोरींमागे फिरणाऱ्या एका तरुणाचा विनोदी प्रेमपट आहे. जातीवर भाषण नाही, तरी वस्ती ओळखू येते. त्यांचाच ‘सरपट्टा परंबरै’ (२०२१) उत्तर मद्रासच्या बॉक्सिंगचा खेळपट आहे. मारी सेल्वराज यांचा ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) कॉलेजची गोष्ट सांगतो. तरी वर्तमानपत्रं या सगळ्यांना एकच चिठ्ठी लावतात : ‘दलित सिनेमा’. तो शब्द मीही वापरते, कारण त्याशिवाय ही फळी दिसतच नाही. पण निर्माता त्या चिठ्ठीला ‘मर्यादित प्रेक्षक’ असं वाचतो, आणि मग पैसे आणि पडदे तसेच मिळतात.

माहितीपटाची गत वेगळी. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारापासून चौदा वर्षं चित्रित होत राहिला. तो थिएटरवाल्यांनी नव्हे, वस्त्यांनी पाहिला.

आणि आणखी एक वर्गवारी असते, सरकारी. यू, यूए, ए, एस. २०२५ साली ‘फुले’ला यू प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे लहान पोरांनीही बघावा असा. पण ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढायला सांगून. ज्या माणसाने या लोकांसाठी शाळा काढल्या, त्याच्या चरित्रपटात त्यांची नावं नकोत. अत्र्यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ काढला, त्यालाही सत्तर वर्षं उलटली.

हे सगळं फळ्यावर मावणारं नव्हतं. मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, पुढच्या वेळी काय दाखवू? नावं आली : ‘फँड्री’, ‘कर्णन’, ‘झुंड’. मागच्या बाकावरची म्हणाली, “ताई, मारामारीचा नको, रडायचा तर अजिबात नको.”

‘अट्टकत्ती’ लावणार आहोत. सबटायटल्स इंग्रजीत आहेत, म्हणून तिनेच मराठीत वाचून दाखवायचं कबूल केलंय.