सहल महाडपर्यंत जायलाच हवी



मावळातल्या विद्यार्थ्यांना सहलीला महाडला नेऊन जुन्या जखमांची खपली कशाला काढायची, असा सवाल गेल्या अंकातील पत्रात आहे. कायद्याने हक्क मिळाले, विषय संपला, असे पत्रलेखकांना वाटते. मला हे अजिबात मान्य नाही.

महाडचा धडा नेमका उलटा आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला. पाठोपाठ महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरीही अस्पृश्यांना तिथे पाणी भरता येईना. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारोंसह ते पाणी प्राशन केले, त्यानंतर जमावाने सत्याग्रहींना मारहाण केली आणि तळ्याच्या हक्काच्या वादात उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडले. अमेरिकेतही आंतरराज्य बसप्रवासातला वर्णभेद न्यायालयाने बेकायदा ठरवला होता. तो प्रत्यक्षात मोडायला 1961 मध्ये तरुण गोरे-काळे प्रवासी एकत्र बसमध्ये बसले आणि त्यांनी मार खाल्ला. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले हे अंतर वीस वर्षांच्या मुलांनी समजून घ्यायचे नाही, तर कोणी?

शिवाय हा इतिहास आपल्या दाराशीच आहे. देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, म्हणजे नागपूरच्या धर्मांतराच्या जवळपास दोन वर्षे आधी. तळेगाव दाभाडेत त्यांचा बंगला आहे. लोणावळ्याची किती मुले तिथे गेली असतील?

मावळातील प्राचार्यांना विनंती, यंदाच्या सहलीत तळेगाव आणि देहूरोड दाखवा, आणि महाडला एक मुक्काम ठेवा.

– एक निवृत्त शिक्षिका, लोणावळा