परवान्याचे पिस्तूल आणि सुरक्षिततेचा भ्रम

नांदेड / लातूर - ५ एप्रिल २०२२ रोजी सकाळी नांदेडच्या शारदानगर भागात बांधकाम व्यावसायिक संजय बियाणी घरासमोर मोटारीतून उतरले आणि दुचाकीवरून आलेल्या दोघांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बियाणी यांचा मृत्यू झाला, त्यांचा चालक जखमी झाला. त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, ५ एप्रिल २०२५ च्या रात्री, लातूर महापालिकेच्या तत्कालीन आयुक्तांनी शासकीय निवासस्थानी स्वतःच्याच पिस्तुलातून स्वतःवर गोळी झाडून घेतली. तातडीच्या उपचारांमुळे ते बचावले.

या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. मात्र स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगावे काय, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यांत दिसतात. पहिली घटना पाहणाऱ्याला वाटते की जवळ शस्त्र असावे. दुसरी पाहिल्यावर तेच शस्त्र घरात असण्याची भीती वाटते. नांदेडच्या मोंढ्यातील वा लातूरच्या आडत बाजारातील व्यापारी, सराफ, पेट्रोल पंपचालक, बांधकाम व्यावसायिक यांना खंडणीची धमकी आली की पहिला विचार शस्त्र परवान्याचा होतो. परवाना मिळालाच तर रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल, हा पुढचा प्रश्न. वास्तविक हा प्रश्न सर्वांत शेवटचा असावयास हवा.

हक्क नव्हे, सवलत

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये घराबाहेर शस्त्र बाळगण्यालाही तो हक्क लागू असल्याचा निर्वाळा दिला. निम्म्याहून अधिक राज्यांत कपड्यांखाली पिस्तूल बाळगण्यास परवानाही लागत नाही. भारतीय घटनेत असा हक्क नाही. बेकायदा शस्त्रांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये हा फरक स्पष्ट शब्दांत नोंदविला.

१९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार नांदेड आणि लातूर येथे परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांना आहे. पोलिसांचा अहवाल, जीविताला खरोखरच धोका असल्याची खात्री, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला या पायऱ्या ओलांडाव्या लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. आरोग्याचा दाखला अर्जाच्या दिवसापुरता असतो. पुढील पाच वर्षांत माणसाच्या मनावर कोणते ओझे येईल, हे त्या कागदावरून कळत नाही.

निवडीला जागा किती?

नऊ मिलिमीटर, .३८ आणि .४५५ या बोअरची शस्त्रे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहेत. परदेशी शस्त्रांच्या खासगी आयातीवर गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकापासून निर्बंध आहेत. त्यामुळे बाजारात उरते ते प्रामुख्याने .३२ बोअरचे देशी शस्त्र. कानपूर येथील सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये महिलांना समोर ठेवून ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले. त्याची किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होती. २०२३ मध्ये ‘प्रबळ’ हे अधिक पल्ल्याचे रिव्हॉल्व्हर आले. अलीकडे खासगी कारखान्यांनाही उत्पादनाची परवानगी मिळाली असून, उत्तर प्रदेशातील हरदोई येथे वेब्ली अँड स्कॉट या जुन्या ब्रिटिश नावाने रिव्हॉल्व्हर तयार होते.

रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या बसतात. त्याची रचना सोपी असते आणि महिनोन्महिने न हाताळलेल्या हातातही ते सहसा अडत नाही. त्याचा दट्ट्या जड असतो. त्यामुळे नेम सुटतो, पण चुकून गोळी सुटण्याची शक्यताही कमी होते. पिस्तूल चपटे असल्याने कपड्याखाली लपते, त्यात गोळ्या थोड्या अधिक मावतात. परंतु सेफ्टी, मॅगझिन आणि नळीत चढलेली गोळी यांचे भान सतत ठेवावे लागते. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, ही समजूत अनेक अपघातांच्या मुळाशी असते. दोन्ही शस्त्रे .३२ म्हणविली जात असली तरी त्यांची काडतुसे वेगळी असतात. एकाची दुसऱ्यात चालत नाहीत.

त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. पारा ४२ अंशांवर गेला असताना पातळ सुती सदऱ्याखाली पाऊण किलोचे लोखंड दिवसभर वागविणे सोपे नाही. घामाने ते गंजते आणि सदऱ्यावर त्याचा उठाव दिसतो. मग शस्त्र मोटारीच्या खणात, दुकानाच्या गल्ल्यात वा घरातील कपाटात जाते. म्हणजे गरजेच्या क्षणी ते हाताशी नसते आणि ज्यांच्या हाती पडू नये त्यांच्या हाताशी असते.

दिसायचेही नाही

२०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र म्यानात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. ते मिरविणे, दाखवून धाक घालणे हा परवान्याचा भंग ठरतो. २०१९ पासून लग्नाच्या वरातीत वा मिरवणुकीत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

व्यवहारात चित्र उलटे दिसते. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाल्यानंतर शेजारच्या बीड जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांची संख्या बाराशेहून अधिक असल्याचे पुढे आले. कमरेला पिस्तूल लावलेली छायाचित्रे आणि हवेत गोळीबाराच्या चित्रफिती चर्चेत आल्या. त्यानंतर प्रशासनाने शंभरावर परवाने रद्द केले. ज्यांची गरज पडताळणीत टिकली नाही, त्यांना परवाने मिळालेच कसे, हा प्रश्न त्या कारवाईनेच उभा केला. संरक्षणासाठी दिलेले शस्त्र प्रतिष्ठेची खूण बनले, की त्याचा धाक धमकी देणाऱ्यापेक्षा शेजारच्या सामान्य माणसालाच अधिक वाटू लागतो.

सीमेचा प्रश्नही आहेच. देगलूर, बिलोलीचा व्यापारी तेलंगणात आणि उदगीरचा व्यापारी बिदरला कामानिमित्त नेहमीच जातो. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर सीमा ओलांडताच तेच कायदेशीर शस्त्र बेकायदा ठरते.

क्षणांचा हिशेब

बियाणी यांच्यावरील हल्ला सीसीटीव्हीत चित्रित झाला. उतरणे, गोळीबार आणि हल्लेखोरांचे पलायन हे सारे काही क्षणांत घडले. हल्लेखोराने वेळ, जागा आणि अंतर आधीच ठरविलेले असते. ज्याच्यावर हल्ला होतो त्याला तो ओळखण्यापासून सुरुवात करावी लागते. तेवढ्या अवधीत झाकलेले शस्त्र काढून, गर्दीत दुसऱ्या कोणाला इजा न करता अचूक वापरणे नियमित सरावाविना अशक्यप्राय आहे. हा सराव शेतात वा गच्चीवर करता येत नाही. परवाना स्वसंरक्षणाचा असतो. सरावासाठी रीतसर रेंज गाठावी लागते.

शस्त्र वापरलेच तर पुढे न्यायालय आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क मान्य केला आहे, पण बचावापुरताच. पोलिसांकडे जाण्यास अवधी होता काय आणि वापरलेले बळ गरजेपेक्षा जास्त होते काय, याची छाननी होते. बांधाच्या भांडणात वा रस्त्यावरील वादात काढलेले पिस्तूल या कसोटीवर सहसा टिकत नाही.

घरातील धोका याहून जवळचा आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. तेथील अनेक अभ्यासांचा निष्कर्ष असा, की घरात बंदूक असल्यास त्या घरातील कोणाही सदस्याच्या आत्महत्येचा धोका वाढतो. निराशेचा झटका पुष्कळदा ओसरतो. शस्त्र हाताशी असेल तर ओसरण्यास वेळच मिळत नाही.

खरी जबाबदारी कोणाची?

याचा अर्थ धमकी आलेल्या व्यापाऱ्याची भीती खोटी आहे, असा नव्हे. बियाणी यांना खंडणीसाठी धमक्या आल्या होत्या. त्यांना पूर्वी पोलीस संरक्षण होते आणि ते नंतर काढून घेण्यात आले होते. या हत्येच्या तपासात नाव आलेला हरविंदरसिंग रिंदा याला केंद्र सरकारने २०२३ मध्ये दहशतवादी घोषित केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये नांदेडच्या गुरुद्वारा परिसरात पुन्हा गोळीबार होऊन एकाचा बळी गेला. अशा टोळ्यांशी एकट्या नागरिकाने सहा गोळ्यांच्या बळावर लढावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

गुन्हेगार परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात रांग लावत नाही. त्याला गावठी कट्टा पुरतो. मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीसारख्या गावांतून अशी शस्त्रे महाराष्ट्रात येतात, हे पोलिसांच्या कारवायांतून वारंवार दिसले आहे. बेकायदा शस्त्रनिर्मितीसाठी सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. तरीही कट्टा सापडल्यावर तो बाळगणारा गजाआड जातो आणि पुरवठ्याची साखळी बहुधा पुन्हा सुरू होते.

म्हणूनच कोणते पिस्तूल घ्यावे, यापेक्षा धमकीची तक्रार किती दिवसांत तपासली जाते, संरक्षण काढताना कोणते निकष लावले जातात आणि कट्ट्यांची वाट कोठे अडविली जाते, हे प्रश्न नांदेड-लातूरच्या नागरिकांनी प्रशासनाला विचारावयास हवेत. ज्याला खरोखर धोका आहे त्याला परवाना वेळेत मिळावा. ज्याला मिरवायचे आहे त्याला तो मिळूच नये. आणि मिळालेल्याने रोज रात्री कपाटाला कुलूप लावताना स्वतःला विचारावे, की या शस्त्रामुळे घरातील माणसे आज अधिक सुरक्षित आहेत काय?