हा प्रश्न इथला नाही!



बऱ्याच दिवसांत इकडे काही लिहिलं नाही. कारण सांगतो, आणि त्या निमित्ताने थोडा रागही काढून घेतो.

माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याने आमच्या गावाचा इतिहास लिहिला होता. २००१ साली डीटीपीवाल्याकडून टाइपही करून घेतला. दोनशे पानं. पुस्तक काही निघालं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीने सीडी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "काका, बाबांचं एवढं वाचता येईल असं करून द्या." सीडी लावली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी!

भाच्याने कारण सांगितलं. युनिकोड रुळण्याआधीचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं बरोबर उलटं. म्हणजे नुसती चिन्हं बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. वर आपल्या मराठीचा तो अर्धा 'ऱ' आहेच! गावजेवणाच्या प्रकरणात 'आचाऱ्यांना धोतरजोडी दिली' असं वाक्य होतं. आमच्या पहिल्या प्रयत्नात ती धोतरजोडी 'आचार्यांना' मिळाली. बिचारे आचारी हात हलवत परत!

मग महाजालावरच्या जाणकारांना विचारायचं ठरलं. भाच्याने नीट इंग्रजीत प्रश्न लिहिला, नमुना जोडला, काय काय करून पाहिलं तेही सांगितलं. पहिल्या ठिकाणी शेरा आला, हा फाँटचा प्रश्न, प्रोग्रामिंगचा नाही. बंद. दुसरीकडे म्हणाले, हा भाषेचा प्रश्न. बंद. तिसरीकडे, कुठलं सॉफ्टवेअर वापरू असं विचारणं नियमात बसत नाही. बंद. कचेरीतल्या तीन खिडक्या आठवल्या. फरक इतकाच, की कचेरीतला कारकून निदान पुढच्या खिडकीकडे बोट तरी दाखवतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्तरं देणारी ही मंडळी फुकट काम करतात. रोज त्यांच्यापुढे 'माझा गृहपाठ करून द्या' छाप प्रश्नांचा ढीग पडतो. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ साली स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केलं, ते गप्पांच्या पसाऱ्यात उत्तर हरवू नये म्हणूनच. तिथे काही गुण कमावलेले सभासद मतं देऊन प्रश्न बंद करू शकतात. पूर्वी पाच मतं लागत, आता तीन पुरतात. कुंपण हवं हे मला मान्य आहे. वर्ग सांभाळलेल्या माणसाला ते मान्य असणारच.

पण कुंपण कशासाठी घातलं हेच विसरलं तर? तिथे प्रश्न बंद करण्याचं एक कारण होतं, 'फारच स्थानिक'. छोट्या भूभागापुरता किंवा अगदी विशिष्ट परिस्थितीपुरता प्रश्न असेल, तर तो इतरांच्या कामाचा नाही, असं त्यात धरलेलं. २०१३ मध्ये ते कारण काढून टाकलं, हे चांगलंच झालं. पण नियम गेला तरी नजर जात नाही हो! २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते. त्यांच्या अर्ध्या 'ऱ'चा प्रश्न स्थानिक, आणि इंग्रजीतल्या अवतरणचिन्हांचा प्रश्न जगाचा? ज्याची भाषा आधीच यंत्रात नीट बसलेली आहे, त्याचे प्रश्न आपोआप एका कप्प्यात मावतात. आमचे प्रश्न फाँट, भाषा आणि प्रोग्रामिंग अशा तिन्ही कप्प्यांत एकदम पाय टाकून उभे असतात, म्हणून तिन्हीकडून हाकलले जातात.

हे लिहिताना मला माझाच वर्ग आठवतो. किल्ल्यांचा धडा चालू होता. एका मुलाने विचारलं, "सर, एवढ्या उंचावर पाणी कुठून यायचं?" मी म्हणालो, "ते परीक्षेला नाही. बस खाली." अहो, खडकात कोरलेली पाण्याची टाकी नसती तर वेढ्यात गड टिकला असता का? त्या धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता! त्या मुलाने वर्षभर पुन्हा हात वर केला नाही. म्हणून हा राग निम्मा माझ्यावरच आहे.

माझं म्हणणं एवढंच. प्रश्न विषयाला धरून आहे का हे नावावरून ठरवू नका. त्याचं नेमकं उत्तर देता येईल का आणि ते उद्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल का, हे बघा. दोन्ही होकार असतील तर कप्प्याचा हट्ट सोडा. आणि नाहीच म्हणायचं असेल, तर योग्य दार दाखवायची जबाबदारी दार लावणाऱ्याची.

भाच्याची मुलगी म्हणते, "आजोबा, आता एआयला विचारायचं. तो कधी हाकलत नाही." खरंय. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आलं आणि त्यानंतर स्टॅक ओव्हरफ्लोवर विचारले जाणारे प्रश्न खूपच रोडावले. पण तो चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो, आणि ते चूक आहे हे सांगायला शेजारी कुणी नसतं. मला मिळालेलं उत्तर पुढच्या माणसाला सापडतही नाही. हाकलून लावलेल्यांनी तिकडे जावं, यात नवल ते काय?

असो. आमचं काम कसं झालं ते सांगून थांबतो. पहिल्या ठिकाणी कुलूप पडण्याआधी कुणा अनोळखी माणसाने दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. आधी अर्धा 'ऱ' वेगळा ओळखा, मग रफार हलवा. एवढंच. भाच्याने एका रविवारी बसून तसं केलं. दोनशे पानं सरळ झाली. मुलीने वडिलांचं लिखाण वाचलं.

आणि आचाऱ्यांना त्यांची धोतरजोडी मिळाली.