खिडकी उघडी, कारकून मात्र जागेवर नाही

बदलापूर गावाच्या नावाची एक व्युत्पत्ती येथील जुनी मंडळी आवर्जून सांगतात. शिवकाळात या वाटेने जाणारे स्वार उल्हास नदीच्या परिसरात थांबत, दमलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत आणि पुढे निघत. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर. ही कथा भाषाशास्त्राच्या कसोटीवर उतरेल की नाही, ते पंडितांनी ठरवावे. परंतु तिच्यात एक व्यवस्था दडलेली आहे. स्वाराला ठाण्याचे नाव व वाट ठाऊक असावी लागते, ठाण्यावर घोडे सज्ज असावे लागतात आणि कोणता घोडा धावेल व कोणता लंगडतो आहे, हे पारखणारा मोतद्दार तेथे हजर असावा लागतो. घोडे पुष्कळ आहेत, पण मोतद्दार आंधळा आहे, अशा ठाण्याचा स्वाराला काय उपयोग?

हा प्रश्न इतिहासाचा नव्हे, आजचा आहे. दिनांक १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता महाराष्ट्रातील दहावीचा निकाल जाहीर झाला. कोरोनामुळे परीक्षाच झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावर गुण दिले गेले होते. त्यामुळे १५ लाखांहून अधिक मुलांची उत्कंठा नेहमीपेक्षा अधिक ताणलेली होती. निकालाची संकेतस्थळे त्याच क्षणी कोलमडली आणि कित्येक तास बहुसंख्य विद्यार्थ्यांना आपले गुण दिसले नाहीत. पुढे २१ मे २०२५ रोजी अकरावीची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्यासाठी सुरू व्हावयाची होती. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ अडखळले आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. कल्याण, डोंबिवली की मुंबई, या विवंचनेत असलेल्या येथील मुलाला ते पाच दिवस किती लांब वाटले असतील, याची कल्पना ज्यांच्या घरात दहावीचे मूल आहे त्यांनाच येईल.

अशा प्रसंगी ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द उच्चारले की विषय संपतो. पूर्वी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ म्हणत, तसेच हे. मग पुढच्या वर्षी अधिक सर्व्हर घेण्याची घोषणा होते. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, केवळ घोडे वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. मोतद्दार सुधारावयास हवा.

हा मोतद्दार म्हणजे दोन यंत्रणांची जोडगोळी. पहिली डीएनएस. आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो. संगणकाला मात्र आकड्यांचा पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगणारी ही जगड्व्याळ वही. प्रारंभी ती खरोखरच एका यादीएवढी होती आणि कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तिचे विकेंद्रीकरण केले. ज्याच्या-त्याच्या घराची वही ज्याने-त्याने ठेवावी, अशी रचना आणली. दुसरी यंत्रणा लोड बॅलन्सर. एका पत्त्यावर आलेली गर्दी मागे उभ्या असलेल्या अनेक सर्व्हरांत वाटून देणारी. बँका, मंडळे, रेल्वे, शेअर बाजार सर्वत्र या दोन्ही यंत्रणा असतात आणि त्यांची तयार उत्पादने भरभक्कम किमतीला विकली जातात.

गर्दीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. १५ लाख मुलांनी पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकी एकदाच बटण दाबले, तरी सेकंदाला अडीच हजार विनंत्या होतात. पान उघडत नाही म्हणून प्रत्येकाने पाच वेळा दाबले, तर साडेबारा हजार. म्हणजे यंत्रणा जितकी मंदावते तितकी गर्दी वाढते. अशा वेळी वाटप करणारा शहाणा नसेल, तर मागची यंत्रे किती आहेत याला फारसा अर्थ उरत नाही.

आमच्या गल्लीतील एक तरुण अभियंता रोज सकाळची लोकल पकडून ऐरोलीला जातो आणि हेच काम करतो. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर, तेव्हा त्याने समजावून सांगितले ते तिकीटखिडकीच्या भाषेत. लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरची प्रकृती तपासतो. त्याला ‘हेल्थ चेक’ म्हणतात. पण ही तपासणी बहुतेक ठिकाणी एवढीच असते की, खिडकीत दिवा लागला आहे ना? दिवा लागलेला असतो, कारकून मात्र चहाला गेलेला असतो. मुखपृष्ठ उघडते म्हणून सर्व्हर निरोगी ठरतो. बैठक क्रमांक टाकल्यावर मागच्या माहितीसाठ्यातून गुण येतात की नाही, हे कोणी विचारतच नाही. पडद्यावर सगळे हिरवे दिवे आणि ग्राहकांच्या फोनवर फोन, अशी एक संपूर्ण रात्र त्याने काढलेली आहे.

त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट अधिक मासलेवाईक आहे. भार वाटण्याची एक लोकप्रिय रीत अशी की, ज्या खिडकीपुढे रांग सर्वांत लहान, तिकडे पुढचा माणूस पाठवावा. ऐकावयास रास्त वाटते. पण एखादा सर्व्हर बिघडला आणि काम न करता तत्काळ ‘त्रुटी’ म्हणून उत्तर देऊ लागला, तर त्याची रांग क्षणात रिकामी होते. मग सगळी गर्दी त्याच्याचकडे! ‘उद्या या’ म्हणून सर्वांना परत पाठवणाऱ्या कारकुनाची खिडकी नेहमीच मोकळी दिसते, हे सरकारी कचेरीत गेलेल्या कोणालाही सांगावयास नको. लाखो रुपयांच्या यंत्राला ते उमजू नये, हे नवल.

तिसरा दोष आपल्या देशात विशेष जाचतो. मोबाईल कंपन्या हजारो ग्राहकांना बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता देतात. जुन्या घडणीचे लोड बॅलन्सर ‘एका पत्त्याचा माणूस एकाच सर्व्हरकडे’ हा नियम पाळतात, तेव्हा अख्खे बदलापूर एका सर्व्हरवर लोटले जाऊ शकते आणि शेजारचा सर्व्हर माश्या मारीत बसतो. याहून वाईट म्हणजे एकाच पत्त्यावरून इतक्या विनंत्या पाहून सुरक्षाव्यवस्था तो हल्ला समजते आणि गावच्या गाव दाराबाहेर ठेवते. घरोघर स्वतंत्र जोडणी असलेल्या समाजासाठी आखलेली गृहीतके येथे जशीच्या तशी वापरली, की असे होते.

डीएनएसच्या बाजूने पाहिले, तर उत्तरे ठरावीक मुदतीसाठी वाटेतल्या वह्यांत साठवली जातात. मुख्य केंद्र बंद पडून काम दुसरीकडे हलवले, तरी जुने उत्तर घेऊन बसलेले लोक जुन्याच दारावर थापा मारीत राहतात. फलाट बदलल्याची घोषणा झाल्यावरही आधीची घोषणा ऐकलेले प्रवासी मूळ फलाटावरच उभे असतात, तो प्रकार. मुदत कमी ठेवावी, तर वहीवरचा ताण वाढतो. याची सांगड घालून देणारी आणि चूक होण्यापूर्वी सावध करणारी उत्पादने हवीत; आज तो तोल माणसाच्या स्मरणावर सोडलेला आहे.

हे दोष केवळ आपल्याकडचे आहेत, असे कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऐन दिवाळीत अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील ॲमेझॉनच्या संगणककेंद्रात काय घडले? वही अद्ययावत ठेवणारे दोन स्वयंचलित सेवक एकमेकांच्या पायात आले. मागे पडलेल्या एकाने जुनी नोंद नव्या नोंदीवर लिहिली. दुसऱ्याने ‘ही नोंद जुनी आहे’ म्हणून ती पुसून टाकली. एका अत्यंत महत्त्वाच्या सेवेच्या नावापुढे पत्ताच उरला नाही. नोंद सुमारे अडीच तासांत हाताने दुरुस्त झाली, पण धक्के पंधरा तासांच्या घरात चालले; कारण त्यानंतर लोड बॅलन्सरची प्रकृती-तपासणीच भरकटली आणि धडधाकट यंत्रांनाही आजारी ठरवून रांगेतून काढू लागली. अखेर आपोआप वगळण्याची ती सोयच अभियंत्यांना बंद करावी लागली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक व व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद होते, त्यातही असाच धागा सापडतो. त्यांचे नामसर्व्हर चालू होते. पण मुख्य केंद्रांशी संपर्क तुटलेला पाहून त्यांनी स्वतःलाच निकामी ठरवले आणि जगाच्या नकाशावरून आपला मार्ग काढून घेतला.

या दोन्ही प्रसंगांतून जी मागणी निघते, ती साधी आहे. सगळेच घोडे लंगडे दिसू लागले, तर मोतद्दाराने घोड्यांवर नव्हे, आपल्या डोळ्यांवर संशय घ्यावा. म्हणजे ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक यंत्रे एकाच वेळी बाद होत असतील, तर यंत्रणेने थांबावे व माणसाला हाक मारावी. वहीतून पत्ता पूर्णपणे नाहीसा करण्याची आज्ञा तिने मुकाट्याने पाळू नये. शेवटचे चालते उत्तर द्यावे. ही सोय काही उत्पादनांत आहे, काहींत ती शोधून चालू करावी लागते. ती मुळातच चालू असली पाहिजे. शिवाय दुरुस्तीची किल्ली त्याच बंद घराच्या आत ठेवलेली नसावी.

गर्दी अनावर झाली, तर पांढरे पान दाखवण्याऐवजी रांगेचा क्रमांक द्यावा, तोही मराठीत. ‘आपल्यापुढे ४० हजार जण आहेत, साधारण बारा मिनिटे’ एवढे कळले, तर माणूस बटण दाबत सुटत नाही. मंडळाने अलीकडे एकाऐवजी अनेक पत्ते जाहीर करण्याची व डिजिलॉकरवरही निकाल देण्याची रीत ठेवली आहे. ती स्वागतार्ह आहे. मात्र त्यात भार वाटण्याचे काम शेवटी पालकांकडेच आले, हेही खरे!

आता पैशाचा व परावलंबनाचा मुद्दा. यातील पुष्कळ उत्पादने क्षमतेनुसार परवाना विकतात. यंत्राच्या अंगात बळ असते, पण परवाना तेवढ्याच वेगाचा म्हणून ते अडकून राहते. निकालाचा दिवस वर्षातून एक. लग्नाचा मांडव आपण वर्षभर भाड्याने ठेवत नाही. गर्दीच्या चार दिवसांपुरता वेग वाढवून देणारा, रास्त दराचा परवाना सार्वजनिक संस्थांना मिळावयास हवा. दुसरे असे की, या पेट्यांच्या आत काय आहे हे घेणाऱ्याला दिसत नाही, चोराला मात्र दिसू शकते. या क्षेत्रातील अग्रगण्य अमेरिकी कंपनी एफ फाइव्ह हिने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले की, परकीय सत्तेशी संबंधित घुसखोरांनी तिच्या उत्पादनाच्या मूळ संहितेचा काही भाग आणि अद्याप दुरुस्त न झालेल्या उणिवांची माहिती पळवली आहे. त्याआधी तीन महिने, जुलै २०२५ मध्ये, युरोपीय निर्बंधांचे निमित्त होऊन मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा अचानक थांबल्या होत्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर त्या पूर्ववत झाल्या.

यावर उपाय नाही, असे नाही. अमेरिकेने प्रगत क्रे महासंगणक नाकारला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्याचे मर्म काय होते? एक अजस्र यंत्र घडवण्याऐवजी काम अनेक लहान प्रोसेसरांत शहाणपणाने वाटणे. भारवाटपच ते! आज तर पायाही तयार आहे. एचएप्रॉक्सी, बाइंड, पॉवरडीएनएस ही साधने मुक्त आहेत, त्यांची संहिता कोणालाही वाचता येते. उणीव आहे ती त्यांच्याभोवती आपल्या गरजांचे आवरण बांधण्याची व चोवीस तास पाठीशी उभे राहणाऱ्या माणसांची. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. जाणकार माणसाचा पगार द्यावाच लागतो आणि नेमका तोच आपल्या अंदाजपत्रकांतून सर्वप्रथम कापला जातो. २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम आले. तरीही अनेक उत्पादनांच्या पडद्यावर मराठी नाव आजही अगम्य रोमन अक्षरांच्या गुंत्यासारखे दिसते आणि रात्री दोन वाजता दुरुस्तीला बसलेला अभियंता कोणते नाव कोणाचे हे चाचपडत राहतो.

आमच्या अभियंत्या मित्राने एक सूचना केली, ती येथे देतो. निकालाच्या किंवा प्रवेशाच्या यंत्रणेची निविदा काढताना ‘सर्व्हर किती’ या रकान्याखाली आणखी एक रकाना असावा. निकालापूर्वीच्या एखाद्या रविवारी, सर्वांसमक्ष, खोट्या बैठक क्रमांकांची गर्दी सोडावी आणि ती चालू असताना एका सर्व्हरची तार ओढून काढावी, दुसरा सर्व्हर मुद्दाम ‘त्रुटी’ देत ठेवावा. किती विनंत्या बुडाल्या ते फलकावर लिहावे. ठेकेदाराचे देयक त्या आकड्यावरून ठरावे.