मागे वळण्याची घाई नको

६ मे २०२१ रोजी एक रुग्णवाहिका विमान नागपूर विमानतळावरून मुंबईकडे झेपावले आणि उड्डाण करतानाच त्याचे एक चाक निखळून पडले. विमानात रुग्णासह पाच जण होते. वैमानिकांनी घाईने परत न वळता उंची गाठली आणि मुंबईपर्यंत मजल मारली. तिथे धावपट्टीवर फेस पसरवण्यात आला, विमान पोटावर उतरले आणि पाचही जण सुखरूप बाहेर आले.

चाक गेले तरी दोन्ही इंजिने धड होती, म्हणून विचाराला वेळ मिळाला. एकाच इंजिनाच्या छोट्या विमानाचे इंजिन शे-दीडशे मीटर उंचीवर बंद पडले, तर ही सवड नसते. वेग कमी, उंची कमी. धावपट्टी मागेच आहे, वळू या, असे मन म्हणते आणि तिथेच घात होतो. वळताना विमान कलते, पंखांवरचा भार वाढतो. ४५ अंशांच्या वळणात हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. तेवढा वेग नसेल तर पंखांचा आधार सुटतो. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. मग सावरायला उंचीच उरत नाही. नाक खाली करा, वेग राखा आणि समोरच्या मोकळ्या जागेत उतरा, हे म्हणूनच शिकवले जाते.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे गणित आणखी अवघड होते. तापलेली हवा विरळ असते. इंजिन, प्रोपेलर आणि पंख या तिन्हींचे बळ घटते. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर उंचीवर आहे. पण पारा ४५ अंशांवर गेला की तिथली हवा विमानाच्या दृष्टीने जवळपास दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी, म्हणजे महाबळेश्वरच्याही वरची, विरळ होते. विमान जास्त धावते आणि सावकाश चढते.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि प्रत्येक तासाला भरपूर पैसे मोजावे लागतात. त्यामुळे दुपार रिकामी घालवणे विद्यार्थ्याला आणि संस्थेलाही जड जाते. तरीही एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात नवशिक्यांची उड्डाणे सकाळीच उरकावीत. इंजिन बंद पडल्यास किती उंचीपर्यंत मागे वळायचेच नाही, हे प्रत्येक उड्डाणापूर्वी विद्यार्थ्याकडून मोठ्याने वदवून घ्यावे. त्याला जेमतेम अर्धे मिनिट लागते. हवेत गेल्यावर तेवढाही वेळ हाताशी नसतो.